कामकरी कुत्रा आणि त्याचा धनी



या व्यासपीठावरून इतिहासावर बोलावे असे चिटणिसांनी मला सुचविले, तेव्हा त्यांना संपांचा इतिहास अपेक्षित असावा. मी विषय कळविला तो कुत्र्यांचा. चिटणीस क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "अण्णा, थट्टा तर करीत नाही ना?" थट्टा मुळीच नाही. तीस वर्षे कामगार संघटनेत काढलेल्या माणसाला जी गोष्ट फार आधी समजावयास हवी होती, ती मला एका कुत्र्यामुळे समजली, आणि तीही त्याचा जीव गेल्यावर. म्हणून आधी त्याची हकीकत सांगतो आणि मग इतिहासाकडे वळतो. माझे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे सारे नगर वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा विद्वानांनी सांभाळून घ्यावे.

आमच्या औद्योगिक वसाहतीतील एक कारखाना २००३ साली बंद पडला. तेथे राखणीला एक अल्सेशियन कुत्रा होता. त्याचे नाव टायगर. कारखान्याला टाळे लागले, मालक परगावी गेले, रखवालदाराचा पगार थांबला आणि कुत्रा आत राहिला. थकलेल्या पगारासाठी आम्ही फाटकासमोर मांडव घालून पाच महिने बसलो होतो. रोज रात्री मी पाहात असे. रखवालदार तात्या शिट्टी वाजवीत आणि टायगर भिंतीच्या कडेने फेरीला निघे. तात्या स्वतःच्या भाकरीतला तुकडा त्याला देत. मालक नव्हता, पगार नव्हता, चोरण्यासारखे आत काही उरले नव्हते. पण त्या दोघांची फेरी एक दिवस चुकली नाही.

शेवटी तडजोड झाली. माणसांचे हिशेब मिळाले. कुत्र्याचे काय करावयाचे हे कोणत्याच करारात नव्हते. दोघातिघांनी त्याची मागणी केली होती. मी तो एका सुखवस्तू गृहस्थाच्या हवाली केला. तिसऱ्या मजल्यावर प्रशस्त ब्लॉक, घरात मुले, खाण्यापिण्याची ददात नाही. मनात म्हटले, बिचाऱ्याचे नशीब उघडले.

पुढची हकीकत मला आठ महिन्यांनी कळली. गृहस्थ सकाळी नऊला दुकानात जात ते रात्री परतत. कुत्र्याने आधी पडदे फाडले, मग दाराची चौकट कुरतडली, मग दिवसभर गॅलरीत येरझारा घालून पायांचे तळवे सोलून घेतले. तेव्हा त्याला दोन हात साखळीने बांधण्यात आले. बांधला म्हणून तो भुंकू लागला आणि भुंकला म्हणून काठी आली. एके दिवशी घरातला धाकटा मुलगा चेंडू घेऊन त्याच्यासमोरून पळाला, तेव्हा त्याने मुलाची पोटरी धरली. त्याच रात्री त्याला मोटारीत घालून महामार्गावर सोडून देण्यात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या एका सभासदाने त्याला रस्त्याच्या कडेला मेलेला पाहिला.

मी तात्यांना भेटून हे सांगितले. तात्या माणदेशातले, मेंढपाळाच्या घरातले. नोकरी गेल्यावर गावी परतून शेळ्यामेंढ्या राखीत होते. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अण्णा, मला इचारायचं हुतं. माझ्याकडं रान हुतं की."

मंडळी, मी त्यांना विचारलेच नव्हते. ज्याच्याकडे ब्लॉक तो लायक आणि ज्याच्याकडे छप्पर तो नालायक, असा हिशेब मी केला होता. हा हिशेब ज्यांच्याशी मी जन्मभर भांडलो त्यांचा आहे, आणि तो मीच करून बसलो. त्या मुलाच्या पोटरीवरचा व्रण आणि त्या कुत्र्याचे मरण, या दोहोंत माझा वाटा आहे. तेव्हापासून मी वाचीत आलो की, वाचविलेला कुत्रा कोणाच्या हाती द्यावा हा प्रश्न जगात कोणी कसा सोडविला. आज जे सांगणार आहे ते त्या वाचनातले आहे.

प्रथम हे समजून घेऊ की, टायगरसारख्या कुत्र्याच्या अंगात असते तरी काय. इंग्रजीत अशा कुत्र्याला 'हाय ड्राइव्ह' म्हणतात. मी त्याला 'कामाची भूक' म्हणतो. लांडगा शिकार करतो तेव्हा त्याच्या क्रियांची एक साखळी असते. शोधणे, टक लावणे, दबा धरणे, पाठलाग, पकड आणि शेवटी ठार मारणे. माणसाने शेकडो वर्षे निवड करून या साखळीतील काही कड्या मोठ्या केल्या आणि काही बोथट केल्या. स्कॉटलंड-इंग्लंडच्या सीमेवरचा कोली कुत्रा मेंढीवर नजर रोखतो, दबा धरतो, वळवून आणतो. पण चावत नाही. शिकाऱ्याचा पॉइंटर पक्ष्याच्या दिशेने नाक करून थिजून उभा राहतो. पुढची कडी तो बंदूकवाल्यासाठी सोडतो. हे काम त्यांना कोणी पगार देऊन करवीत नाही. काम करणे हेच त्यांचे सुख असते. म्हणून काम काढून घेतले की त्यांना विश्रांती मिळत नाही, उपासमार घडते. समोर मेंढी नसेल तर असा कुत्रा सायकलच्या चाकावर नजर रोखतो. चाक नसेल तर पळणाऱ्या मुलावर.

टायगरच्या जातीचा इतिहास तर बेकारीपासूनच सुरू होतो. जर्मनीत मेंढ्या राखणारी ही कुत्री. मॅक्स फॉन श्टेफानित्झ नावाच्या घोडदळातील माजी कप्तानाने १८९९ साली या जातीची संस्था स्थापन केली. पण कारखाने वाढत होते आणि मेंढ्यांचे कळप घटत होते. आपल्या कुत्र्यांचे काम जाणार हे त्याने ओळखले आणि पोलीस व लष्कर यांच्याकडे त्यांच्यासाठी काम मागितले. आम्ही संघटनेत ज्याला पर्यायी रोजगार म्हणतो तोच हा प्रकार. पहिल्या महायुद्धात जर्मन हे नावच इंग्रजांना नकोसे झाले, म्हणून ते या जातीला अल्सेशियन म्हणू लागले, आणि आपल्याकडेही तेच नाव रुजले.

त्याच युद्धाच्या अखेरीस, सप्टेंबर १९१८ मध्ये, फ्रान्समधील फ्लिरे गावाजवळ तोफांनी उद्ध्वस्त झालेल्या एका कुत्राघरात ली डंकन या अमेरिकन शिपायाला एक कुत्री आणि तिची पिले सापडली. त्यांतले एक पिलू पुढे 'रिन टिन टिन' या नावाने मूकपटांतील जगप्रसिद्ध नट झाले. डंकनने त्याच्या अंगातली उडी, धाव आणि चिकाटी ओळखली आणि वर्षानुवर्षे दिवसाचे कितीतरी तास त्याच्याबरोबर घालविले. लोकांनी पडद्यावर कुत्रा पाहिला. त्यामागचे तास त्यांना दिसले नाहीत. तसा कुत्रा आपल्या घरी हवा, असे मात्र पुष्कळांना वाटू लागले. चित्रपट पाहून कुत्रा आणावयाची ही चाल आजही मोडलेली नाही.

आता बचावाच्या इतिहासाकडे येऊ. त्यातील एक जुने प्रकरण आपल्या मुंबईचे आहे. कंपनी सरकारच्या अमलात उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा नियम होता आणि मारलेल्या कुत्र्यामागे शिपायाला आठ आणे बक्षीस मिळे. बक्षिसाच्या लोभाने शिपाई पाळलेली कुत्रीही घराच्या आवारात शिरून मारू लागले. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक महत्त्व आहे. जून १८३२ मध्ये पारशी लोकांनी शिपायांना अडविले. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली, इतर समाजांचे लोकही सामील झाले, आणि कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीला जाणारे पाव, पाणी थांबले. मुंबईच्या जुन्या हरताळांपैकी हा एक, आणि तो कुत्र्यांसाठी झाला! शेवटी फौज आली आणि धरपकड झाली. कामगार चळवळीतल्या माणसाला या हकीकतीचा अभिमान वाटावा हे स्वाभाविक आहे. तथापि एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. मारू नका, एवढेच त्या हरताळाचे म्हणणे होते. न मारलेल्या कुत्र्याने राहावे कोठे आणि कोणाजवळ, हा प्रश्न पुढे उभाच होता.

त्या प्रश्नाला लंडनमध्ये एका बाईने हात घातला. मेरी टील्बी हे तिचे नाव. १८६० साली तिने हॉलोवे भागात हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी तात्पुरते घर काढले. वर्तमानपत्रांनी तिची यथेच्छ टर उडविली. माणसे उपाशी असताना कुत्र्यांना घर कशाला, असे त्यांचे म्हणणे. टील्बीबाई १८६५ मध्ये वारल्या. १८७१ मध्ये ते घर बॅटर्सी येथे गेले आणि आजही तेथे चालू आहे. त्या घराने असंख्य कुत्र्यांना धनी मिळवून दिले. परंतु ज्यांना धनी मिळेना त्यांना त्या काळी अखेर मारीतच. धडपड्या, थोराड, घरात न मावणारा कुत्रा मागणार कोण? ज्याच्या अंगात काम जास्त, त्याला घर मिळण्याची आशा कमी, अशी उलटी तऱ्हा होती.

ही तऱ्हा पहिल्या महायुद्धाने थोडा काळ बदलली. तोफांच्या माऱ्यात टेलिफोनच्या तारा तुटत आणि निरोप नेणारे जवान वाटेत मरत. लेफ्टनंट-कर्नल एडविन रिचर्डसन यांनी निरोप्या कुत्र्यांची कल्पना मांडली, आणि १९१७ मध्ये शूबरीनेस येथे ब्रिटिश लष्कराची श्वानशाळा निघाली. कुत्री आणली कोठून? आधी बॅटर्सीच्या घरातून, मग इतर शहरांतील तशाच घरांतून. काल ज्यांच्यावर मरणाची चिठ्ठी होती ती आज गळ्यात निरोपाची नळी बांधून खंदकांतून धावू लागली. त्यांत एअरडेल होते, कोली होते, आणि ज्यांच्या जातीचा पत्ता नाही अशी संकरित कुत्रीही होती.

मला यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती रिचर्डसन यांची माणसांची निवड. एकेका हस्तकाकडे तीन कुत्री असत. त्यासाठी त्यांनी शिकारखान्यातले नोकर, रानराखे, मेंढपाळ अशा लोकांकडे पाहिले. पण नुसता धंदा पाहून ते थांबले नाहीत. त्या धंद्यातली काही माणसेही त्यांना निरुपयोगी आढळली, कारण त्यांचा हात कठोर होता किंवा कुत्र्याविषयी मनात माया नव्हती. कुत्रा चुकला तर त्याला मारावयाचे नाही, तो परत आला की प्रेमाने घ्यावयाचे आणि खाऊ घालावयाचे, ही तेथली शिस्त. हे वाचले तेव्हा मला तात्या आठवले. रिचर्डसनसाहेब आमच्या फाटकाशी उभे असते, तर त्यांनी ब्लॉकवाल्या गृहस्थांकडे न पाहता तात्यांनाच उचलले असते.

काम मिळाले, धनी मिळाला. पण काम संपल्यावर काय? म्हणजे कामगारांच्या भाषेत निवृत्तीचा प्रश्न. अमेरिकेचा इतिहास यासाठी पाहण्यासारखा आहे. १९४२ च्या जानेवारीत तेथे 'डॉग्ज फॉर डिफेन्स' ही संस्था निघाली आणि हजारो कुटुंबांनी आपली घरची कुत्री लष्कराला दिली. युद्ध संपल्यावर ती परत द्यावयाची होती. परंतु जो कुत्रा दोन वर्षे परक्या माणसावर तुटून पडावयास शिकला, तो एकदम अंगणात मुलांमध्ये कसा सोडणार? म्हणून त्यांना युद्ध विसरावयास लावण्याची वेगळी शिकवण देण्यात आली. निरनिराळी माणसे आलटून पालटून कुत्र्याला हाताळीत, फिरवीत, खाऊ घालीत; प्रत्येक मनुष्य शत्रू नाही हे त्याच्या मनावर हळूहळू ठसे. मरीन दलाकडे युद्धाच्या अखेरीस ५५९ कुत्री होती. त्यांतली ५४० नागरी जीवनात परत गेली. एकोणीस मारावी लागली. त्यांपैकी पंधरा आजारपणामुळे, आणि शिकवण उलटविता न आल्यामुळे केवळ चार. ५५९ मध्ये चार! 'हा कुत्रा आता कामातून गेला, याला मारा' असे पटकन म्हणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

आता याच देशाचे दुसरे पान पाहा. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेने सुमारे चार हजार कुत्री नेली. परत आली ती दोनशेच्या आसपास. काही लढाईत आणि रोगाने मेली; बाकीची तेथल्या सैन्याच्या हवाली झाली किंवा मारली गेली. पंचवीस वर्षांत असा काय फरक पडला? दुसऱ्या महायुद्धातली कुत्री घरोघरीची होती. त्यांची वाट पाहणारे कोणीतरी होते. व्हिएतनामची कुत्री लष्कराने विकत घेतलेली होती. कागदोपत्री ती सामानात जमा होती, आणि नको झालेल्या सामानाचे जे होते तेच त्यांचे झाले. ज्यांच्याबरोबर ती रात्री जंगलात चालली, ते जवान त्यांना घरी नेण्यासाठी विनवीत राहिले. पण सामानाला कोणी घरी नेत नाही.

हा नियम बदलावयास २००० साल उजाडावे लागले. रॉबी नावाच्या एका थकलेल्या लष्करी कुत्र्याला त्याच्या जुन्या हस्तकाला सांभाळावयाचे होते, आणि कायदा आड येत होता. त्यावरून चळवळ झाली आणि नोव्हेंबर २००० मध्ये नवा कायदा झाला. त्याने निवृत्त लष्करी कुत्रा पोलीस दलांना, पूर्वीच्या हस्तकाला, किंवा त्याला माणुसकीने सांभाळण्यास समर्थ असलेल्या अन्य व्यक्तीला देण्याची वाट मोकळी केली. 'सांभाळण्यास समर्थ' हे शब्द मला मोलाचे वाटतात. दया असली म्हणजे भागते असे त्या कायद्याने धरलेले नाही. रॉबीला स्वतःला मात्र त्याचा लाभ मिळाला नाही. कामगार कायद्यांच्या बाबतीतही हे पुष्कळदा घडते. ज्याच्या नावाने लढा होतो, तो निकाल लागेपर्यंत उरत नाही.

आता आणखी एका बाईंची हकीकत. १९ एप्रिल १९९५ रोजी ओक्लाहोमा शहरातील सरकारी इमारत बाँबस्फोटाने कोसळली आणि १६८ माणसे मेली. ढिगारा शोधावयास गेलेल्यांत विल्मा मेल्विल ही निवृत्त व्यायामशिक्षिका आणि तिची मर्फी नावाची लॅब्राडोर कुत्री होती. एवढ्या मोठ्या देशात अशा कामाची वरच्या दर्जाची परीक्षा उतरलेली कुत्री पंधराच्या आसपास आहेत, हे पाहून बाईंना धक्का बसला. मृतांच्या संख्येइतक्या, म्हणजे १६८, जोड्या तयार करावयाच्या असा निश्चय करून १९९६ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियात शोधकुत्र्यांची संस्था काढली. आणि कुत्री घेतली मुख्यतः निवाऱ्यांतून. ज्यांना 'फार दंगेखोर' म्हणून लोकांनी आणून टाकले होते त्यांतून.

त्यांची पारख पाहा. खेळणे दूर गवतात किंवा ढिगाऱ्यात टाकावयाचे आणि कुत्रा ते किती वेळ शोधीत राहतो ते पाहावयाचे. साधा कुत्रा दोन मिनिटांत नाद सोडतो. कामाची भूक असलेला कुत्रा सोडीत नाही. मोठा आवाज झाला, पायाखालचा पत्रा हलला, तरी सोडीत नाही. ज्या गुणामुळे घरातला सोफा फाटला तोच गुण सिमेंटखाली गाडलेल्या माणसाला हुडकून काढतो, आणि माणूस सापडल्यावर मिळणारे खेळणे हीच त्याची मजुरी. शिकवून तयार झालेला कुत्रा बहुधा अग्निशामक दलातील जवानाला विनामूल्य देतात. तो जवान रोज सराव करतो, कुत्रा त्याच्याच घरी राहतो. सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कचे मनोरे पडले तेव्हा या संस्थेच्या तेरा जोड्या तेथे राबल्या.

परंतु या संस्थेचा जो नियम मला सर्वांत थोर वाटतो तो वेगळाच आहे. एकदा घेतलेला कुत्रा पुन्हा कधी बेवारस होणार नाही, अशी तिची हमी आहे. परीक्षेत नापास झाला तर त्याच्यासाठी दुसरे काम किंवा योग्य घर पाहतात. म्हातारा झाला तरी जबाबदारी संपत नाही. उमेदीत राबवून घ्यावयाचे आणि थकल्यावर फाटकाबाहेर काढावयाचे, हा प्रकार तेथे नाही. आमच्या पुष्कळ कामगारांना असली हमी अजून मिळालेली नाही, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही.

शेवटचे उदाहरण देतो. २००७ मध्ये अमेरिकेतील मायकेल विक या प्रख्यात फुटबॉलपटूच्या व्हर्जिनियातील जागेवर कुत्र्यांच्या झुंजींचा अड्डा उघडकीस आला आणि पन्नासाहून अधिक पिट बुल कुत्री जप्त झाली. झुंजीची कुत्री म्हणजे सुधारण्यापलीकडची, सरसकट मारून टाकावयाची, असा तोवरचा शिरस्ता. या वेळी न्यायालयाने तसे केले नाही. प्रत्येक कुत्र्याची स्वतंत्र पारख झाली आणि रिबेका हस या कायद्याच्या प्राध्यापिकेला त्यांची पालक नेमण्यात आले. स्वभावाच्या कारणास्तव मारावा लागला तो एकच. बावीस कुत्री यूटामधील एका मोठ्या आश्रयस्थानात गेली, इतर निरनिराळ्या संस्थांकडे. आणि कालांतराने त्यांतली पुष्कळ नीट पारखलेल्या घरांत रुळली. काही तर रुग्णांना सोबत देण्याच्या कामी आली. त्याचबरोबर दोघा कुत्र्यांनी जन्मभर आश्रयस्थानातच राहावे, असाही आदेश झाला. म्हणजे 'याला बाहेर देऊ नये' हे म्हणण्याचीही तयारी होती. खर्च आरोपीकडून वसूल झाला. रक्कम नऊ लाख डॉलरांहून अधिक. ज्याने बिघडविले त्याने भरावे, हा न्याय मला तरी पटतो.

बंधुभगिनींनो, आपण मुंबईहून निघून बराच प्रवास केला. त्या साऱ्यातून मला जे दिसते ते थोडक्यात सांगतो. कुत्र्याला मरणातून सोडविणे हे अर्धे काम आहे, आणि तेही सोपे अर्धे. अवघड अर्धे म्हणजे त्याच्या कामाच्या भुकेला पुरेल असा धनी शोधणे, आणि न पुरणाऱ्याला नम्रपणे 'नाही' म्हणणे. हा नकार मला २००३ साली देता आला नाही. देणारा मी उदार ठरलो, घेणारे गृहस्थ दयाळू ठरले, आणि आम्हा दोघांच्या चांगुलपणात टायगर मेला. ते गृहस्थ दुष्ट नव्हते, हेही येथे सांगितले पाहिजे. त्यांच्याकडे अन्न होते, जागा होती. वेळ नव्हता आणि कुत्र्याला देण्यासारखे काम नव्हते. मी त्यांना हे विचारले असते, तर त्यांनी कदाचित स्वतःच माघार घेतली असती.

आपल्या गावात हल्ली हौसेने परदेशी जातीची कुत्री आणली जातात आणि वर्षभरात नकोशी होतात. काही संस्थांच्या दारात बांधून ठेवतात, काही महामार्गावर सोडतात. १९६० सालच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे जनावराला अवाजवी वेळ आखूड साखळीने बांधून ठेवणे हा गुन्हा आहे आणि विनाकारण सोडून देणे हाही गुन्हा आहे. पण कायदा येतो तो दुःख घडून गेल्यावर. त्याआधी आपण चार प्रश्न विचारू शकतो. या घरात दिवसभर कोण असते? कुत्र्याला रोज दोन वेळ दमविण्याइतके चालणारे, धावविणारे, वास घेऊन शोधावयास लावणारे कोण आहे? तो चुकेल तेव्हा हात उगारला जाईल की आवरला जाईल? आणि जमले नाही तर तो कोणाकडे परत येईल? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्यानेच द्यावयाचे आहे. 'माझ्याकडे' असे ज्याला म्हणता येत नाही, त्याने कुत्रा देऊच नये. घरात लहान मूल असेल तर हे प्रश्न दुप्पट काळजीने विचारावेत. कुत्र्याइतकेच त्या मुलाचेही रक्षण त्यात आहे.

हे प्रश्न विचारताना समोरच्याच्या घराचे मजले मोजू नका. रानात राबणारा, रात्रपाळीची रखवाली करणारा, पहाटे दुधाच्या फेरीला जाणारा मनुष्य कदाचित मागावयास येणारही नाही, कारण आपल्याला कोणी लायक समजणार नाही असे त्याला वाटत असते. त्याच्याकडे आपण जावयास हवे.

तात्या दोन वर्षांपूर्वी वारले. मी त्यांच्या गावी गेलो होतो. दारात एक काळा कुत्रा बसला होता, मेंढ्यांबरोबर हिंडून धुळीने माखलेला. नातू म्हणाला, कोणीतरी एस.टी. स्टँडवर सोडलेला होता, आजोबांनी आणला. मी हात पुढे केला. त्याने वास घेतला आणि मेंढ्या पांगल्या तशी माझ्याकडे पाठ फिरवून तो कामाला गेला.